वस्तादपणाची वाटणी : खाशाबा जाधव यांच्या गुरुजनांविषयी काही विचार

(१)

२३ जुलै १९५२ रोजी फिनलंडमधील हेलसिंकी येथे भरलेल्या ऑलिंपिक क्रीडास्पर्धेत खाशाबा दादासाहेब जाधव ह्यांनी ५७ किलो वजनगटाच्या मुक्त कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने वैयक्तिक स्पर्धेत मिळविलेले हे पहिले ऑलिंपिक पदक होय. ही घटना कोल्हापुरात लहानथोरांस ठाऊक आहे, आणि तिच्याविषयी नवे काही सांगावयाचे आहे असा प्रस्तुत लेखकाचा दावा नाही. तथापि ह्या पदकाची हकीकत जेव्हा जेव्हा सांगितली जाते, तेव्हा तीत खाशाबांच्या गुरुजनांची नावे एखाद्या वाक्यात येतात आणि निघून जातात. बेलापुरी गुरुजी, बाबूराव बलावडे, प्राचार्य खर्डेकर ही नावे कथेतील उपकारकर्ते म्हणून उरतात. शिक्षक म्हणून त्यांनी नेमके काय केले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

प्रश्न न विचारला जाण्याचे कारणही उघड आहे. राजाचे कार्य दप्तरातून कळते, ग्रंथकाराचे ग्रंथातून. परंतु मल्लविद्या शिकविणाऱ्याचे कार्य एका शरीरातून दुसऱ्या शरीरात उतरते आणि त्याचा पुरावा शिष्याच्या अंगवळणी पडलेल्या सवयींतच शोधावा लागतो. म्हणून प्रस्तुत लेखात गुरूंचे गुणगान न करता, गुरूच्या कामाचे पृथक्करण करण्याचा प्रयत्न केला आहे. कोल्हापूरच्या परंपरेत ज्याला ‘वस्ताद’ म्हणतात त्याची कामे कोणती, खाशाबांच्या बाबतीत ती कोणी कोणी केली, आणि कोणते काम करण्यास कोणीच नव्हते, एवढाच ह्या विवेचनाचा विषय आहे.

(२)

कोल्हापूरच्या तालमी राजर्षी शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) भरभराटीस आल्या, हे सर्वमान्य आहे. महाराज स्वतः कुस्तीचे जाणकार होते. त्यांनी पंजाबकडील नामांकित मल्लांना करवीरात आश्रय दिला, पेठापेठांतील तालमींना उत्तेजन दिले आणि १९०२ च्या युरोपच्या प्रवासात पाहिलेल्या रोमन क्रीडागाराची कल्पना मनात ठेवून खासबागेचे मैदान बांधविले. १९१२ मध्ये हे मैदान सुरू झाले. मातीच्या हौद्याभोवती चोहोबाजूंनी चढत गेलेली बैठक असल्यामुळे कोठूनही कुस्ती स्पष्ट दिसते, ही त्याची रचना आजही पाहणाऱ्यास थक्क करते.

ह्या व्यवस्थेचा कणा म्हणजे वस्ताद. वस्ताद हा केवळ डाव शिकविणारा मास्तर नव्हे. त्याच्याकडे निदान पाच कामे असत. पहिले, डाव व प्रतिडाव शिकविणे. दुसरे, मेहनत करवून घेणे : पहाटे उठवून जोर, बैठका, हौदा खणणे आणि मग लढत, ताक, तेल, हळद घालून मळलेल्या तांबड्या मातीची देखभाल हासुद्धा ह्या मेहनतीचाच भाग. तिसरे, खुराकाची तजवीज : दूध, तूप, बदाम ह्यांचा खर्च शेतकऱ्याच्या पोराला परवडणारा नसल्यामुळे आश्रयदाता शोधणे हे वस्तादाचेच काम होते. चौथे, जोड ठरविणे : कोणता पठ्ठा कोणत्या मैदानात कोणाशी लढवावयाचा, केव्हा राखून ठेवावयाचा, ह्याचा निर्णय त्याच्या हाती असे. पाचवे, कुस्ती चालू असता हौद्याच्या कडेला उभे राहणे; पंचाशी वाद घालावयाचा झाल्यास तो वस्तादाने घालावयाचा, मल्लाने नव्हे.

ही पाचही कामे एकाच माणसात एकवटलेली होती आणि त्या माणसाच्या पाठीशी दरबार उभा होता. ह्या दोन गोष्टी ध्यानात घेतल्या म्हणजे पुढील हकीकतीचा अर्थ लागू लागतो.

(३)

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर ह्या खेड्यात झाला. वडील दादासाहेब हे स्वतः पहिलवान. पाच मुलांतील ह्या सर्वांत धाकट्या मुलाला त्यांनीच लहानपणी मातीत उतरविले. कराडच्या टिळक हायस्कुलात शिकत असता आणि पुढे कोल्हापुरास आल्यावर त्यांना बाबूराव बलावडे व बेलापुरी गुरुजी ह्यांचे मार्गदर्शन लाभले. म्हणजे वस्तादाची पहिली दोन कामे, डाव शिकविणे व मेहनत करवून घेणे, ही वडील आणि हे दोन गुरू ह्यांच्यात वाटली गेली. खाशाबांच्या लढतीत पुढे जो ‘ढाक’ प्रसिद्धीस आला, तो ह्या मातीतल्या शिक्षणाचा ठसा होय. प्रतिस्पर्ध्याची मान व हात जखडून त्याला अंगावरून फेकावयाच्या ह्या डावाला वजनापेक्षा वेळ साधण्याचे कसब अधिक लागते. लहान चणीच्या मल्लाला हाच डाव देणे ह्यात शिकविणाऱ्याची नजर दिसून येते.

लहान चणीचा उल्लेख येथे हेतुपुरस्सर केला आहे. खाशाबांची उंची सुमारे साडेपाच फूट आणि बांधा सडपातळ. १९४८ च्या सुमारास ते राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी झाले, तेव्हा महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत त्यांचे नाव घेण्यास तेथील क्रीडाशिक्षकांनी प्रथम नकार दिला. ते प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर ह्यांच्याकडे गेले, प्राचार्यांनी परवानगी दिली आणि खाशाबांनी आपल्याहून थोराड मल्लांना चीत केले, अशी हकीकत त्यांच्या चरित्रकथनांत आढळते. ही कथा बहुधा प्राचार्यांच्या गुणग्राहकतेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. ते योग्यच आहे. परंतु तीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे.

मातीच्या कुस्तीत वजनाचे गट नसत. मैदानात शेवटची, मोठ्या इनामाची कुस्ती ही थोराड मल्लांचीच असावयाची. प्रेक्षक तिच्यासाठीच थांबत आणि आश्रयदातेही तिच्यासाठीच खुराक देत. अशा व्यवस्थेत वस्तादाची नजर स्वाभाविकपणे भारदस्त देहाकडे वळते. नकार देणाऱ्या शिक्षकाने काही वावगे केले असे नव्हे. त्याने आपल्या परंपरेच्या मापानेच विद्यार्थ्याला मोजले. खर्डेकरांचे माप वेगळे होते. त्यांच्या दृष्टीने समोर उभा असलेला मुलगा हा आपल्या महाविद्यालयाचा विद्यार्थी होता, आणि विद्यार्थ्याला परीक्षेस बसण्याचा हक्क असतो. ऑलिंपिक स्पर्धेतही माप वेगळे होते, कारण तेथे ५२ किलोचा मल्ल ५२ किलोच्या मल्लाशीच लढतो. तालमीने खाशाबांना डाव दिला, परंतु त्या डावाला योग्य असे मैदान महाविद्यालयाने व पुढे ऑलिंपिकच्या वजनगटांनी दिले. राजाराम महाविद्यालयाची जुनी इमारत भवानी मंडपाला लागून आहे, आणि मोतीबाग तालीमही त्याच परिसरात आहे. हाकेच्या अंतरावर असलेल्या ह्या दोन संस्थांची शिक्षणाची मापे मात्र किती भिन्न होती, हे ह्या एका प्रसंगावरून कळते.

(४)

१९४८ साली खाशाबा लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हा त्यांचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. वस्तादाचे तिसरे काम, म्हणजे आश्रयाची तजवीज, अद्याप जुन्या पद्धतीनेच पार पडले होते. लंडनमध्ये त्यांना रीस गार्डनर ह्या परदेशी प्रशिक्षकाचे मार्गदर्शन मिळाले. गादीवरची कुस्ती ही त्यांना जवळजवळ नवी विद्या होती. मातीत पाय रुततो, घाम व माती ह्यांनी पकड घट्ट होते, आणि प्रतिस्पर्धी चितपट होईपर्यंत कुस्ती चालू शकते. गादीवर पाय सरकतो, वेळ बांधलेली असते, आणि कोणी चीत न झाल्यास पंच कौल देतात. त्यामुळे मातीतल्या मल्लाची सबुरी गादीवर दोष ठरू शकते. एवढे असूनही खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या व अमेरिकेच्या मल्लांवर विजय मिळविले. इराणच्या मन्सूर रईसी ह्यांच्याकडून ते पराभूत झाले आणि ५२ किलो गटात सहावे आले. काही दिवसांच्या गादीवरील शिक्षणाने मातीच्या शिक्षणाला किती फळ येऊ शकते, हे त्या सहाव्या क्रमांकाने दाखविले.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजकीय इतिहासात ह्या घटनेची चर्चा पुष्कळ झाली आहे; तालमीच्या इतिहासात तिचा अर्थ असा की, वस्तादाच्या पाठीशी उभा असलेला दरबार एका दिवसात नाहीसा झाला. त्याची जागा घेणारी सरकारी क्रीडाव्यवस्था अद्याप जन्मास आलेली नव्हती. १९५२ चे हेलसिंकी नेमके ह्या पोकळीत येते.

त्या वर्षी खाशाबांची निवडही सहजासहजी झाली नाही. निवड चाचणीत निरंजन दास ह्या मल्लाकडून आपण अन्यायाने मागे पडलो असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी भारतीय ऑलिंपिक संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष, पतियाळाचे महाराज यादवेंद्रसिंह ह्यांच्याकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावण्यात आली आणि ती खाशाबांनी जिंकली, असे सांगितले जाते. जोड ठरविण्याचे जे काम एरवी वस्तादाने केले असते, ते येथे मल्लाला स्वतःच करावे लागले, आणि त्यासाठी दूरच्या एका माजी संस्थानिकाच्या दारी जावे लागले.

निवड झाली, पण पैसा नव्हता. सरकारी मदत अपुरी पडली. गावकऱ्यांनी व परिचितांनी वर्गणी गोळा केली. आणि प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. ही गोष्ट आता दंतकथेसारखी झाली आहे. परंतु दंतकथा झाली म्हणून तिचे ऐतिहासिक स्वरूप नाहीसे होत नाही. १९४८ मध्ये जे ओझे संस्थानने उचलले, ते १९५२ मध्ये एका शिक्षकाच्या घरावर पडले, असे ह्या दोन वर्षांच्या तुलनेवरून निष्पन्न होते. खर्डेकरांच्या औदार्याविषयी आदर बाळगूनच असे म्हटले पाहिजे की, ज्या समाजात मल्लाला परदेशी पाठविण्यासाठी प्राचार्याला घर गहाण टाकावे लागते, तेथे ती केवळ अभिमानाची गोष्ट असू शकत नाही.

(५)

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनी ह्या देशांच्या मल्लांवर विजय मिळविले. जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मामादबेयोव ह्यांच्याकडून मात्र ते पराभूत झाले. इशींना सुवर्ण व मामादबेयोव ह्यांना रौप्यपदक मिळाले. म्हणजे खाशाबा हरले ते केवळ त्यांच्या वरच्या दोघांकडून. त्याच स्पर्धेत ६२ किलो गटात महाराष्ट्राचेच के. डी. माणगावे चौथे आले, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. एकाच मातीतून घडलेले दोन मल्ल तिसऱ्या व चौथ्या स्थानापर्यंत पोहोचावेत, ह्यावरून हा योगायोग नसून शिक्षणाचा परिणाम होता असे मानण्यास जागा आहे.

मामादबेयोव ह्यांच्याबरोबरच्या कुस्तीसंबंधी एक गोष्ट सातत्याने सांगण्यात येते. एक दीर्घ लढत संपताच खाशाबांना पुढच्या कुस्तीसाठी पुकारण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळावयाची होती, परंतु हा हक्क मागण्यास भारतीय पथकापैकी कोणीही जबाबदार गृहस्थ त्या वेळी गादीच्या कडेला नव्हता. थकलेले खाशाबा तसेच लढले आणि हरले.

वर वस्तादाची पाच कामे सांगितली. डाव व मेहनत मातीतल्या गुरूंनी दिली. गादीची तोंडओळख परदेशी प्रशिक्षकाने करून दिली. आश्रय आधी महाराजांनी आणि मग प्राचार्यांनी दिला. जोड पतियाळाच्या मध्यस्थीने लागली. पाचवे काम, कडेला उभे राहून आपल्या मल्लाच्या वतीने बोलण्याचे, कोणाच्याच वाट्याला आले नव्हते. वस्तादपण अनेकांत वाटले गेले, आणि वाटणीत एक हिस्सा मोकळा राहिला. विश्रांती मिळती तर पदकाचा रंग बदलला असता काय, ह्या तर्कात शिरण्याचे कारण नाही. परंतु खासबागेत अशी गोष्ट घडली असती, तर वस्ताद हौद्यात उतरल्यावाचून राहिला नसता, एवढे निश्चयाने म्हणता येते.

खाशाबा परतले तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर त्यांनी केलेली गोष्ट मिरवणुकीहून अधिक लक्षणीय आहे. त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरविली आणि त्यांच्या उत्पन्नातून प्राचार्यांचे घर सोडविले. सरकारकडून जी व्यवस्था झाली नाही ती अखेर तिकीट काढून मैदानात बसणाऱ्या प्रेक्षकाने पुरी केली. गुरूचे ऋण शिष्याने मातीतच फेडले.

(६)

येथपर्यंत गुरूंचा विचार झाला. आता शिष्यांचा. खाशाबांना गुरू अनेक होते. खाशाबांपासून पुढे परंपरा चालली काय? १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. खात्याच्या स्पर्धा त्यांनी गाजविल्या, तेथे क्रीडाशिक्षकाचे कामही केले, आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. गादीच्या कुस्तीचे ऑलिंपिक दर्जाचे ज्ञान असलेला हा मल्ल एखाद्या तालमीच्या गादीवर वस्ताद म्हणून बसला नाही. नोकरीने त्यांना स्थैर्य दिले हे खरे, परंतु कोल्हापूरच्या पेठांतील तालमींना त्यांच्या ज्ञानाचा वारसा सलगपणे मिळू शकला नाही.

ह्याच्या उलट उदाहरण गणपतराव आंदळकरांचे. शिराळा तालुक्यातील पुनवत गावचे आंदळकर तरुणपणी मोतीबाग तालमीत आले. १९६० मध्ये हिंदकेसरी झाले. १९६२ च्या जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेत त्यांनी ग्रीको-रोमन पद्धतीत सुवर्ण व मुक्त कुस्तीत रौप्यपदक मिळविले. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ते उतरले. त्यानंतर २०१८ मध्ये निधन होईपर्यंत मोतीबाग हेच त्यांचे घर व कार्यक्षेत्र राहिले. १९७० व १९७१ असे लागोपाठ दोनदा महाराष्ट्र केसरी झालेले आणि १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळविणारे दादू चौगुले हे त्यांच्या शिष्यांपैकी. आंदळकरांच्या ठायी वस्तादाची पाचही कामे पुन्हा एकत्र आली, आणि म्हणून त्यांच्यामागे शिष्यांची रांग उभी राहिली.

परंतु येथेही एक मर्यादा दिसते. हिंदकेसरी व १९६१ पासून सुरू झालेली महाराष्ट्र केसरी ह्या किताबांची प्रतिष्ठा थोराड मल्लांशी निगडित राहिली. आश्रय, लोकप्रियता आणि खुराक ही सर्व त्याच दिशेने वाहत गेली. ज्या नजरेने सडपातळ विद्यार्थ्याला एकदा नाकारले होते, ती नजर व्यवस्थेने अधिकच दृढ केली. दिल्लीत गुरू हनुमान ह्यांच्या आखाड्यातून सतपाल तयार झाले, आणि सतपाल ह्यांनी छत्रसाल क्रीडागारात गादीवर लहान वजनगटांचे मल्ल घडविले. त्यांचे शिष्य सुशीलकुमार ह्यांनी २००८ मध्ये ६६ किलो गटात कांस्यपदक मिळविले, तेव्हा भारतीय कुस्तीला खाशाबांनंतर दुसरे ऑलिंपिक पदक लाभले. मध्ये ५६ वर्षे गेली होती. हे दुसरे पदक कोल्हापूरला का मिळू नये, ह्याचे उत्तर मल्लांच्या ताकदीत शोधण्यापेक्षा गुरुपरंपरेच्या रचनेत शोधणे अधिक सयुक्तिक होईल.

(७)

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस येथे राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे ह्यांनी नेमबाजीत कांस्यपदक मिळविले. महाराष्ट्राच्या खेळाडूस वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्याचा हा खाशाबांनंतरचा पहिला प्रसंग होता. मधला काळ ७२ वर्षांचा. कुसाळे ह्यांच्या मागे राज्याची क्रीडा प्रबोधिनी, रेल्वेची नोकरी आणि दीपाली देशपांडे ह्यांच्यासारख्या स्वतः ऑलिंपिक खेळलेल्या प्रशिक्षक होत्या. वस्तादपणाची वाटणी येथेही झालेली आहे. भेद इतकाच की प्रत्येक हिस्सा कोणाचा हे आधी ठरलेले होते, आणि कोणाला घर गहाण टाकावे लागले नाही.

खाशाबांना अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलातील कुस्तीच्या क्रीडागाराला २०१० मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. प्रशिक्षकांसाठी असलेला द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ मध्ये सुरू झाला, म्हणजे बेलापुरी गुरुजी व बलावडे ह्यांच्या उमेदीच्या काळात शिकविणाऱ्याच्या मान्यतेची अशी सोयच नव्हती. त्यांची स्मृती जतन करावयाची तर ती पुतळ्यांनी होणार नाही. आपल्या विद्यापीठाच्या परिसरातील तालमींत आजही वृद्ध वस्ताद आहेत. कोणी कोणाकडून कोणता डाव घेतला, कोणाचा खुराक कोणी चालविला, कोणती जोड का मोडली, हे त्यांच्या स्मरणात आहे. पदव्युत्तर अभ्यासकांनी त्यांच्याकडे जाऊन ही माहिती टिपून घेतली, तर कोल्हापूरच्या शिक्षणाच्या इतिहासातील एक मोठे प्रकरण लिहिता येईल. वस्ताद गेल्यावर त्याचे दप्तर मागे उरत नाही. म्हणून हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही.